सागरी प्रवाळ-मत्स्यालयासाठी परतीच्या पंपाची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
महाराष्ट्रात १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात, तसेच विजयदुर्गच्या पश्चिमेस भर समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवर प्रवाळ आढळतात. सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेत वसलेल्या खंडाळा तालुक्यातील विद्यार्थ्याला मात्र जिवंत प्रवाळ जवळून पाहावयाचे तर ते बहुधा काचेच्या टाकीतच पाहावे लागतील. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले ते समुद्राला खेटून. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी समुद्राचे पाणी क्षारांचे मिश्रण विरघळवून घडवावे लागते आणि ते अहोरात्र फिरते ठेवावे लागते. हे काम ज्या यंत्रावर अवलंबून असते, त्या परतीच्या पंपाची निवड कशी करावी याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अश्मप्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा आहे. म्हणून महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने असे मत्स्यालय उभारावयाचे ठरविल्यास वनविभागाचा सल्ला पंपाच्या आधी घ्यावा.

पंपावरील आकडा आणि प्रत्यक्ष प्रवाह :
प्रवाळ-मत्स्यालयात सामान्यतः दोन टाक्या असतात. वरच्या दर्शनी टाकीतील पाणी सांडव्यावरून खालच्या टाकीत उतरते. तेथे गाळणी, प्रोटीन स्किमर व तापनियंत्रक असतात. शुद्ध झालेले पाणी परतीचा पंप पुन्हा वर चढवितो. विहिरीवरील मोटरप्रमाणेच हा पंप केंद्रोत्सारी असतो. सांगली जिल्ह्यात १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीने केंद्रोत्सारी पंप या भागातील शेतकऱ्याच्या परिचयाचा केला. त्यामुळे ‘हेड’ हा शब्द येथे कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीसाठी पंप घेताना पाणी किती उंच चढवायचे हे शेतकरी आधी विचारतो. मत्स्यालयासाठी खरेदी करणारा मात्र खोक्यावरील ‘ताशी ३००० लिटर’ पाहून मोकळा होतो. हा आकडा उंची शून्य असतानाचा असतो.

उदाहरणादाखल १२० × ४५ × ५० सेंटिमीटरची, म्हणजे २७० लिटरची टाकी घेऊ. दोन्ही टाक्यांतील जलपातळ्यांचे अंतर १.१ मीटर आहे आणि नळी व एल्बो यांतील घर्षणापोटी आणखी ०.३ मीटर धरले, तर एकूण हेड १.४ मीटर होते. आता ताशी ३००० लिटर असेच छापलेले दोन पंप घेतले. एकाचे कमाल हेड २ मीटर, दुसऱ्याचे ३.५ मीटर. पंपाचा आलेख ढोबळमानाने सरळ रेषा मानल्यास १.४ मीटरवर पहिला पंप ताशी ९०० लिटर देईल आणि दुसरा १८००. आकडा तोच, पाणी दुप्पट. म्हणून उत्पादकाने दिलेला हेड व प्रवाहाचा आलेख पाहिल्याशिवाय पंप घेऊ नये. आलेख उपलब्ध नसल्यास तो पंप सोडून द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नळीच्या बाबतीत काटकसर महागात पडते. प्रवाह तोच ठेवून आतील व्यास २५ वरून १६ मिलिमीटर केल्यास घर्षणाने वाया जाणारे हेड सुमारे सहापट किंवा त्याहूनही अधिक होते. प्रवाह कमी करावयाचा असल्यास व्हॉल्व्ह पंपाच्या निर्गममार्गावर बसवावा, शोषणाच्या बाजूस कदापि नाही.

किती प्रवाह हवा?
पूर्वी परतीच्या पंपानेच टाकीत समुद्रासारखी खळबळ निर्माण करावी अशी अपेक्षा असे. आता ते काम टाकीच्या आत लावलेले कमी विजेचे प्रवाहपंप करतात. परतीच्या पंपाने ताशी टाकीच्या आकारमानाच्या तीन ते पाचपट पाणी फिरविले तरी सहसा पुरते. आपल्या उदाहरणात ८१० ते १३५० लिटर. दुसरा पंप व्हॉल्व्हने थोडा आवळून घेतल्यास येथे योग्य ठरेल. पहिला अगदी काठावर आहे. इंपेलरवर चुन्याचे थर साचू लागले की त्याचा प्रवाह आणखी उतरेल.

याहून मोठा पंप घेण्यात आपल्या हवामानात खरा धोका आहे. पाण्यात बुडवून चालविलेल्या पंपाने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर पाण्यात उष्णता होऊन उतरते. १०० वॅटचा पंप ४०० लिटर समुद्रजलाचे तापमान, उष्णता बाहेर न गेल्यास, तासाला सुमारे ०.२ अंश सेल्सिअसने वाढवितो. प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंश मानवते. नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा एखादा अंश अधिक तापमान काही आठवडे टिकले तरी प्रवाळ आपल्यातील सूक्ष्म शैवाल गमावून पांढरे पडू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत खोलीचे तापमानच ३५ अंशांवर जाते तेथे अनावश्यक ६० वॅट म्हणजे वर्षाला सुमारे ५२५ युनिट वीज आणि ती उष्णता काढण्यासाठी पुन्हा शीतकाची वीज.

शेतीपंप या कामी चालत नाही. बिडाचा सांगाडा खाऱ्या पाण्यात गंजतो आणि पितळ वा कांस्य धातूतून सुटणारे तांबे अत्यल्प प्रमाणातही अपृष्ठवंशीय प्राण्यांस घातक असते. प्लास्टिकचे आवरण, सिरॅमिकचा दांडा व चुंबकीय रोटर असलेलाच पंप घ्यावा आणि त्याच्या जोडणीवर अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर बसवावा.

वीज गेल्यावर :
ग्रामीण महाराष्ट्राने २००० नंतरच्या दशकात सोसलेले भारनियमन आज त्या स्वरूपात नसले, तरी पावसाळी वाऱ्यात वीज जातेच. पंप थांबताच परतीच्या नळीतून सायफन सुरू होतो आणि नळीच्या तोंडाशी हवा येईपर्यंत वरचे पाणी खाली उतरत राहते. आपल्या टाकीतील पातळी ४ सेंटिमीटर उतरली तरी २१.६ लिटर पाणी येते. तेवढी जागा खालच्या टाकीत कायम रिकामी हवी. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये; एखादा लहानसा शंख किंवा चुन्याचा कण त्यात अडकला की तो मिटत नाही. नळीचे तोंड जलपृष्ठाच्या जवळ ठेवणे हा अधिक खात्रीचा उपाय होय.

बॅटरीवरील साठा मर्यादित असेल तर तो परतीच्या पंपाला न देता वरच्या टाकीतील प्रवाहपंपाला किंवा हवेच्या पंपाला द्यावा, कारण प्राणवायूची टंचाई प्रथम तेथेच भासते. २४ व्होल्टचा, वेग कमी करता येणारा डीसी पंप असल्यास दोन्ही कामे काही तास निभावतात. टाकीत प्राणी सोडण्यापूर्वी पंप मुद्दाम बंद करून पाणी कोठवर चढते ते पाहावे आणि चालू स्थितीतील कमाल पातळीची खूण खालच्या टाकीच्या काचेवर करून ठेवावी. बाष्पीभवनाची भर घालताना पाणी त्या खुणेच्या वर जाऊ देऊ नये.