एका थेंबाची साक्ष

दिवाळी म्हणजे करंज्या, अनारसे, लाडू आणि ‘एकाने काय होतंय?’ हा आग्रह! हल्ली कितीतरी घरांतून या आग्रहाला उत्तर द्यायला तळहाताएवढे एक यंत्र फराळाच्या ताटाशेजारी बसलेले असते. बोटाला सुई टोचावी, रक्ताचा थेंब पट्टीला लावावा, की काही सेकंदांत आकडा हजर! त्या आकड्यावरून घरात जे महाभारत घडते ते निराळेच. पण हा आकडा येतो कोठून?

आपल्या प्राचीन वैद्यांनी या रोगाला ‘मधुमेह’ म्हटले. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. म्हणजे पहिली परीक्षक मुंगीच म्हणायची! पुढे बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात मूत्राचे थेंब टाकून परीक्षानळी तापवण्याची पद्धत आली. निळा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी होत विटकरी झाला, की साखर फार. पण रक्तातली साखर बरीच चढल्यावाचून ती मूत्रात उतरत नाही. तेव्हा ही वर्दी उशिराच मिळे.

रक्तात तर नाना पदार्थांची गर्दी. तीतून नेमके ग्लुकोज हुडकणार कोण? निसर्गानेच ही ओळख एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, दिली आहे. बुरशीपासून मिळणारे ‘ग्लुकोज ऑक्सिडेज’ हे विकर ग्लुकोजलाच हात घालते, इतर शर्करांकडे जवळजवळ ढुंकूनही पाहत नाही. अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांचा प्राणवायू मोजणारा विद्युदग्र १९५६ साली प्रसिद्ध झाला. १९६२ साली त्यांनी व चँप लायन्स यांनी सुचवले, की त्यावर पातळ पडद्याआड हे विकर बसवावे. ग्लुकोजवर क्रिया करताना ते प्राणवायू खर्चील. जितका प्राणवायू घटेल, त्यावरून साखर कळेल. १९७५ साली विकर बसवण्याच्या याच कल्पनेवरचे यंत्र बाजारात आले. परंतु ते प्रयोगशाळेच्या टेबलावरचे, खिशातले नव्हे.

शिवाय रक्तातला प्राणवायू स्वतःच कमीजास्त होणारा! म्हणून १९८४ साली इंग्लंडमधील क्रॅनफील्ड व ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी त्याचे काम फेरोसीन या लोहयुक्त संयुगाच्या एका प्रकाराकडे सोपवले. विकराने ग्लुकोजपासून काढलेले इलेक्ट्रॉन हा हमाल विद्युदग्रापर्यंत पोचवतो. तो बारीकसा प्रवाह मोजला, की साखर कळली. १९८७ साली पेनाएवढे मापक निघाले. आजच्या पट्ट्यांत विकर वा हमाल निराळा असेल, पण हिशेब तोच. आणि रक्त लागते एका मिलिलिटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास!

तेव्हा ही पट्टी म्हणजे नुसता कागद नव्हे. तिच्यातले विकर प्रथिन असल्याने दमट हवा व उष्णता त्याला मानवत नाही. डबीचे झाकण लगेच लावावे, मुदत पाहावी. लाडू वळलेले हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. बोटाला चिकटलेली साखर थेंबात मिसळली, तर आकडा खोटाच चढतो. आणि २०१३ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार खरी साखर १५० असता यंत्राने १३० किंवा १७० दाखवले, तरी ते मर्यादेतच धरले जाते. मग ‘काल १४५, आज १५५’ म्हणून आजोबांना धारेवर का धरावे?

यातला खरा धोका पुढेच आहे. प्रत्येक आकड्यापाठोपाठ बोलणी खावी लागली, की माणूस बोट टोचायचेच टाळतो. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकाएकी फार खाली आली, तर ते वेळीच समजत नाही आणि प्रसंग जिवावर बेततो. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हा प्रश्न आपल्यापैकी कितीतरी घरांचा आहे.

थेंब केवळ साक्ष देतो. त्या आकड्यांची वही डॉक्टरांना दाखवावी, औषधांचे त्यांना ठरवू द्यावे. आणि घरच्यांनी आकडा विचारताना आवाज थोडा मऊ ठेवावा. तेवढ्या गोडव्याला कसलेच पथ्य नाही!