मोटारसायकलस्वारांसाठी ध्वनिरोधक इअरफोन

मोटारसायकलस्वारांसाठी ध्वनिरोधक इअरफोन म्हणजे हेल्मेटखाली वापरता येतील असे, बाह्यकर्णनलिका घट्ट बंद करून वाऱ्याचा आवाज कमी करणारे आणि त्याच वेळी दिशादर्शक सूचना, संभाषण किंवा संगीत ऐकवणारे इअरफोन होत. ध्वनिक्षेपक नसलेले कानातील बोळे (इअरप्लग) हा याच गटातील अधिक साधा प्रकार आहे. अशा साधनांचे मुख्य प्रयोजन करमणूक नसून श्रवणशक्तीचे रक्षण हे आहे. वाऱ्याचा आवाज न अडवता केवळ त्यावर मात करण्यासाठी संगीत मोठे करणारा इअरफोन कानाला होणारी हानी वाढवतो. त्यामुळे निवड करताना साधन किती आवाज अडवते आणि ते हेल्मेटखाली किती वेळ न बोचता राहते, हे दोन प्रश्न सर्वाधिक महत्त्वाचे ठरतात.

## आवाजाचे स्रोत

मोटारसायकलवरील आवाज मुख्यतः इंजिन व सायलेन्सर यांतून येतो, असा सर्वसाधारण समज आहे. शहरी वेगात तो बऱ्याच अंशी खरा असतो. परंतु वेग ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या पुढे गेला की स्वाराच्या कानापाशी वाऱ्याचा आवाज इतर सर्व आवाजांहून वरचढ होतो. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या मोजमापांत स्वाराच्या कानापाशी ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ९० डेसिबल, तर ताशी १६० किलोमीटर वेगाला सुमारे ११० डेसिबल इतका आवाज आढळला. (या लेखातील डेसिबलचे आकडे मानवी कानाच्या संवेदनशीलतेनुसार भारित मापाचे आहेत.)

हा आवाज हेल्मेटभोवती हवेचे भोवरे तयार झाल्याने निर्माण होतो. बाथ विद्यापीठातील संशोधकांनी वातबोगद्यात आणि रस्त्यावर केलेल्या प्रयोगांत हेल्मेटच्या हनुवटीखालील मोकळा भाग हा आवाजाचा एक महत्त्वाचा स्रोत असल्याचे दिसून आले. मोटारसायकलच्या पुढील काचेमुळे (विंडस्क्रीन) आवाज कमी होईलच असे नाही. काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारा विस्कळीत प्रवाह नेमका हेल्मेटवर आदळत असेल, तर आवाज वाढतो.

हेल्मेट हे डोक्याचे आघातापासून रक्षण करण्यासाठी असते. त्याचे अस्तर तीव्र, उच्च वारंवारतेचा आवाज काही प्रमाणात शोषते. वाऱ्याच्या आवाजातील ऊर्जा मात्र बहुतांशी निम्न वारंवारतेत असते आणि ती हेल्मेटमुळे फारशी अडत नाही. म्हणून महागडे व घट्ट बसणारे हेल्मेट असले तरी लांबच्या प्रवासात कानाच्या स्वतंत्र संरक्षणाची गरज उरते.

## श्रवणशक्तीवरील परिणाम

डेसिबल हे लॉगॅरिदमी माप आहे. त्यात ३ डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट होणे होय. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने (नायोश) याच आधारावर कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी रोजच्या सहवासाची पुढील मर्यादा सुचवली आहे :

* ८५ डेसिबल – ८ तास
* ८८ डेसिबल – ४ तास
* ९१ डेसिबल – २ तास
* ९४ डेसिबल – १ तास
* ९७ डेसिबल – ३० मिनिटे
* १०० डेसिबल – १५ मिनिटे

ताशी १०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने जाणारा स्वार उघड्या कानांनी ही मर्यादा अर्ध्या तासाच्या आतच ओलांडू शकतो. अंतर्कर्णातील शंखाकृती पोकळीत ध्वनिलहरींचे चेतासंदेशांत रूपांतर करणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. अतितीव्र आवाजाने त्या थकतात. प्रवासानंतर कान बंद झाल्यासारखे वाटणे किंवा कानात शिट्टीसारखा आवाज घुमत राहणे ही त्याची लक्षणे होत. विश्रांतीनंतर ती बहुधा ओसरतात. असा सहवास वारंवार घडल्यास मात्र पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत, त्यामुळे ही हानी कायमची असते.

आवाजाने येणारा बहिरेपणा प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसू लागतो. सुरुवातीला तो जाणवत नाही, कारण स्वर स्पष्ट ऐकू येतात. पुढे गर्दीतील बोलण्यातली व्यंजने वेगळी ओळखणे अवघड होते. याखेरीज सततच्या आवाजाने थकवा येतो आणि एकाग्रता ढळते. लांबच्या प्रवासात ही बाब रस्ता सुरक्षेशीही निगडित आहे.

## पूर्वेतिहास

मॅक्सिमिलियन नेगवेर या जर्मन औषधनिर्मात्याने १९०७ साली मेण व कापूस यांपासून 'ओहरोपॅक्स' नावाचे बोळे तयार केले. दाबल्यावर हळूहळू मूळ आकारात येणाऱ्या फोमचा कानातील बोळ्यासाठी होणारा उपयोग १९६७ मध्ये अमेरिकेत रॉस गार्डनर यांच्या कामातून पुढे आला. आजचे पिवळे, नारिंगी रंगांचे स्वस्त बोळे त्याच तत्त्वावर चालतात. सक्रिय ध्वनिनिरसनाची कल्पना अमर बोस यांना १९७८ मधील एका विमानप्रवासात सुचली आणि त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी तसा हेडसेट बाजारात आणला.

## प्रकार

### फोमचे बोळे
हे सर्वांत स्वस्त असून योग्य रीतीने बसवल्यास सर्वाधिक आवाज अडवतात. त्यांतून संगीत किंवा सूचना थेट मिळत नाहीत. मात्र हेल्मेटमध्ये ब्लूटूथ ध्वनिक्षेपक असल्यास तो आवाज बोळ्यातून पुरेसा ऐकू येतो. असे बोळे काही वेळा वापरून टाकून द्यावयाचे असतात.

### गाळणीयुक्त बोळे
सिलिकॉनच्या या बोळ्यांत मधोमध एक सूक्ष्म ध्वनिमार्ग असतो. ते फोमपेक्षा कमी आवाज अडवतात, परंतु बोलणे व हॉर्न तुलनेने नैसर्गिक ऐकू येतात. शहर आणि महामार्ग असा मिश्र प्रवास करणाऱ्यांना ते सोयीचे पडतात.

### कर्णनलिकेत बसणारे इअरफोन
यांच्या टोकाला फोम किंवा सिलिकॉनचे आवरण असते आणि ते बोळ्याप्रमाणेच नलिका बंद करते. एकाच साधनातून संरक्षण व श्रवण या दोन्ही गरजा भागतात. याउलट कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे, नलिका बंद न करणारे इअरफोन महामार्गावरील वापरासाठी अयोग्य मानले जातात.

### साच्यानुसार बनवलेले इअरफोन
श्रवणतज्ज्ञ कानात मऊ सिलिकॉन भरून त्याचा ठसा घेतात आणि त्यावरून प्रत्येक कानासाठी स्वतंत्र साधन तयार होते. त्याचा दाब सर्वत्र समान पडत असल्याने ते अनेक तास बोचत नाही. किंमत जास्त असते आणि ठसा नीट न घेतल्यास ध्वनिरोध कमी होतो.

### सक्रिय ध्वनिनिरसन करणारे इअरफोन
यांतील मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो व त्याच्या विरुद्ध कलेची ध्वनिलहर निर्माण करून तो घटवतो. विमानाच्या एकसुरी घरघरीसाठी ही पद्धत प्रभावी आहे. हेल्मेटमधील वाऱ्याचा आवाज अनियमित असतो. शिवाय मायक्रोफोनवर थेट हवा आदळल्यास तोच गोंगाट निर्माण करतो. म्हणून मोटारसायकलवर नलिका घट्ट बंद होण्याला प्राधान्य असते आणि सक्रिय निरसन पूरक ठरते. बाहेरचा आवाज आत सोडणारी व्यवस्था प्रवासात बंद ठेवणे इष्ट असते.

## निवडीचे निकष

### ध्वनिरोधाचे प्रमाण
बोळ्यांच्या पाकिटावर ध्वनिरोधाचा आकडा छापलेला असतो. अमेरिकी पद्धतीत चांगल्या फोमच्या बोळ्यांसाठी तो ३० ते ३३ डेसिबलपर्यंत जातो. हा आकडा प्रयोगशाळेतील असतो. प्रत्यक्ष वापरात नायोश फोमच्या बोळ्यांसाठी तो निम्मा धरण्यास सांगते. साध्या इअरफोनवर असा प्रमाणित आकडा बहुधा नसतो, त्यामुळे 'ध्वनिरोधक' या जाहिरातीतील शब्दावरून किती संरक्षण मिळेल हे ठरवता येत नाही.

उदाहरणार्थ, कानापाशी १०० डेसिबल आवाज असताना १५ डेसिबल अडवले गेले, तर कानाच्या पडद्यापर्यंत ८५ डेसिबल पोहोचतात. त्यामुळे सुचवलेली मर्यादा १५ मिनिटांवरून ८ तासांवर जाते. याच इअरफोनमधून ८५ डेसिबलचे संगीत लावल्यास एकूण पातळी ८८ डेसिबल होऊन मर्यादा ४ तासांवर येते. संगीत शक्य तितके हळू ठेवल्यासच ध्वनिरोधाचा लाभ टिकतो.

### आकार व टोक
इअरफोनचा कानाबाहेर येणारा भाग हेल्मेटच्या अस्तराला टेकला, तर अर्ध्या तासातच कान दुखू लागतो. त्यामुळे कानाच्या खळग्यात पूर्णपणे सामावणारे, सपाट पाठीचे इअरफोन पसंत केले जातात. परीक्षा सोपी आहे : इअरफोन घालून कानावर तळहात सपाट दाबावा. टोचत असल्यास तो हेल्मेटखालीही टोचेल. जागा करण्यासाठी हेल्मेटमधील आघातशोषक थर्मोकोलचा थर कापणे किंवा दाबणे धोकादायक असते.

दोन्ही कानांच्या नलिका समान मापाच्या असतीलच असे नाही. म्हणून उजव्या व डाव्या बाजूस वेगळ्या मापाचे टोक लागू शकते. फोमचे टोक अधिक आवाज अडवते व नलिकेचा आकार घेते. सिलिकॉनचे टोक धुता येते व अधिक टिकते.

### वायर व नियंत्रण
वायरलेस इअरफोनमध्ये बॅटरीमुळे जाडी वाढते, अस्तराच्या स्पर्शाने नियंत्रणे चुकून दाबली जातात आणि हेल्मेट काढताना इअरफोन निसटून पडू शकतो. वायरच्या इअरफोनचा भाग लहान असतो, परंतु वायर जॅकेटला घासल्याचा आवाज कानात येतो. ती जॅकेटच्या आतून नेऊन मान वळवण्यापुरती सैल ठेवली जाते.

## वापरण्याची पद्धत

फोमचा बोळा किंवा टोक प्रथम बोटांत फिरवून बारीक व विनासुरकुती करतात. विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाचा बाहेरचा भाग वर व मागे ओढल्यास वाकडी नलिका सरळ होते. त्याच वेळी बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट धरून ठेवतात. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटणे हे नलिका बंद झाल्याचे चिन्ह आहे. हेल्मेट घालताना त्याच्या बाजू बाहेरच्या दिशेस ताणल्यास बोळा हलत नाही. काढताना बोळा सावकाश पिळत ओढतात. झटक्याने ओढल्यास पडद्यावर ताण येतो.

कोकणासारख्या दमट हवामानात आणि पावसाळ्यात बंद कानात ओल साचून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे टोके कोरडी ठेवणे, वेळोवेळी धुणे किंवा बदलणे आणि ती दुसऱ्यास न देणे आवश्यक असते. कान वाहत असल्यास किंवा पडद्यास छिद्र असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय कोणतेही साधन कानात घालू नये.

## सुरक्षितता व मर्यादा

कान बंद केल्याने हॉर्न किंवा रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येणार नाही, हा प्रमुख आक्षेप आहे. बोळा वाऱ्याचा आवाज आणि हॉर्न हे दोन्ही कमी करतो, त्यामुळे त्यांचे परस्पर प्रमाण साधारणतः तेच राहते. अतितीव्र आवाजात कान स्वतःच विकृत ऐकू लागतो. म्हणून महामार्गावरील वेगात बोळ्यांमुळे इशारे उलट अधिक स्पष्ट वाटू शकतात. मंद गतीच्या शहरी रहदारीत स्थिती वेगळी असते. तेथे वाऱ्याचा आवाज कमी असल्याने मोठ्या ध्वनिरोधाची गरज नसते व हलका आवाज हरवण्याचा धोका असतो. आधीच श्रवणदोष असलेल्या स्वारांनाही हा धोका अधिक असतो.

संगीत मात्र इशाऱ्यांना झाकते आणि फोनवरील संभाषण लक्ष विचलित करते. ध्वनिरोधाच्या बाजूने केलेला युक्तिवाद संगीत व संभाषणाला लागू पडत नाही.

## कायदेशीर तरतुदी

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. कलम १८४ नुसार वाहन चालवताना हातात धरून संपर्क साधन वापरणे हे धोकादायक वाहनचालन ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. इअरफोन लावून वाहन चालवणाऱ्यांवर अनेक शहरांत वाहतूक पोलीस कारवाई करतात. ध्वनिक्षेपक नसलेले बोळे हे संपर्क साधन नव्हे.

फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून वाहनचालकाने कानात ध्वनिसाधन घालण्यास मनाई आहे. श्रवणयंत्रे त्यातून वगळली आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दोन्ही कानांत इअरफोन घालण्यास बंदी असली, तरी हानिकारक आवाज कमी करण्यासाठी बनवलेल्या व हॉर्न आणि भोंगा ऐकू देणाऱ्या संरक्षक बोळ्यांना सूट आहे.

## हेही पहा

* हेल्मेट
* ध्वनिप्रदूषण
* डेसिबल
* बहिरेपणा