टॉवर समोर, रेंज दुसऱ्याची

जालन्याहून अंबड, घनसावंगी करत जांब समर्थला जाणारी वाट सपाट काळ्या रानातून जाते. कापूस, ऊस, मधूनच मोसंबीच्या बागा आणि दक्षिणेला गोदावरी. मोबाईलच्या लहरींना याहून सोयीची जमीन मिळणं कठीण. समर्थ रामदासांची सगळी स्थानं पाहायला निघालेला यात्रेकरू या जन्मगावाहून पुढे नाशिकजवळची टाकळी, चाफळ, सज्जनगड, महाड तालुक्यातली शिवथरघळ असा फिरतो, तेव्हा सह्याद्रीत रेंज गेली तर कारण डोळ्यांना दिसतं: डोंगर आडवा आलेला असतो. मराठवाड्याच्या मैदानात नेट बंद पडतं तेव्हा समोर डोंगर नसतो. कधी कधी तर टॉवरही समोरच असतो, फक्त त्यावर आपल्या सिमच्या कंपनीचा अँटेना नसतो. प्रवासातल्या नेटचा प्रश्न मला इथे सापडतो. वेग वाढवण्यावर आपण पुष्कळ पैसा ओतला. आता विरळ वस्तीच्या रस्त्यांवर कोणत्याही कंपनीचं सिम कोणत्याही कंपनीच्या टॉवरवर चालावं, असा नियम हवा.

पार्श्वभूमी थोडक्यात. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. पुढे जीपीआरएस आलं आणि लॅपटॉपला खोचायचे डोंगल आले. २०१० च्या लिलावानंतर खासगी कंपन्यांचं ३जी, २०१२ मध्ये कोलकात्यातून ४जी, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आणि १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं. ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी लागणारा किमान वेग ५१२ केबीपीएस होता, तो जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाला.

या सगळ्या वाटचालीत मोजमाप झालं ते माणसांचं आणि गावांचं. अमुक टक्के लोकसंख्येला ४जी, अमुक इतकी गावं जोडली. प्रवासी या आकड्यांत बसत नाही, कारण तो दोन गावांच्या मध्ये असतो. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पल्ला गाठतात. ३,३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या ५जी लहरी भरपूर डेटा वाहून नेतात, पण लवकर दमतात, म्हणून त्या शहरात शोभतात. कंपनी टॉवर उभारते तो ग्राहक राहतो तिथे, आणि धंद्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. मधल्या पट्ट्यात रेंज क्षीण झाली की फोन आवाज चढवून बोलू लागतो. ४जी फोनची प्रक्षेपणाची कमाल ताकद सुमारे २०० मिलिवॅट, ती सगळी पणाला लागते. रेंज पूर्ण गेली तर तो एकामागून एक पट्टे धुंडाळत राहतो. दिवसभराच्या प्रवासात घरच्यापेक्षा बॅटरी लवकर उतरते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. खेडेगावातल्या रस्त्यावर दिसणारी एक काडी चार्जिंग खाते ती अशी.

पूर्वी नेट गेलं तर एखादं गाणं अडायचं. आज रस्त्याचा नकाशा, गाडीचं तिकीट, डिजिलॉकरमधला वाहन परवाना आणि चहाचे पैसे, सगळं त्याच एका काडीवर टांगलेलं असतं. टोलनाक्यावरचा फास्टॅग तेवढा प्रवाशाच्या रेंजवर अवलंबून नाही. काचेवरची पट्टी नाक्यावरचं यंत्रच वाचतं. यूपीआयचं तसं नाही. पैसे देणाऱ्याच्या फोनला नेट लागतंच, आणि खिशात रोख ठेवायची सवय तर मोडली आहे. *९९# ची बिननेटची सोय आहे, तरी तिलाही सिमला नेटवर्क लागतंच.

आता सर्कलबद्दल जरा सविस्तर, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. मोबाईल परवान्यांसाठी देशाची जी वाटणी झाली, तीत मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण मिळून एक सर्कल झालं, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. म्हणजे मुंबईत सिम घेतलेला माणूस कल्याण मागे टाकून जालन्याकडे निघाला की आपल्याच राज्यात परका व्हायचा. पडद्यावर रोमिंगची खूण उमटायची आणि आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. ट्रायने २०१३ आणि २०१५ मध्ये रोमिंगचे कमाल दर उतरवले, २०१६-१७ च्या दरयुद्धात देशांतर्गत रोमिंगचा आकार जवळपास संपलाच. पैशाची भिंत पडली, तिच्या मागची यंत्रणेची भिंत तशीच राहिली. तिलाही एकदा खिंडार पडलं होतं. २०१० च्या लिलावात महाराष्ट्र सर्कलमधल्या ३जी लहरी टाटा, आयडिया आणि व्होडाफोन यांना मिळाल्या, एअरटेलला नाहीत. तरी एअरटेलच्या इथल्या ग्राहकांना ३जी मिळालं, कारण कंपन्यांनी आपसांत करार करून एकाच सर्कलमध्ये एकमेकींचं जाळं वापरायला सुरुवात केली. दूरसंचार विभागाने ते बेकायदा ठरवून दंड लावला. २०१४ मध्ये दूरसंचार लवादाने निकाल कंपन्यांच्या बाजूने दिला. आज टॉवर वाटून घेणं अशक्य म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर आठवावं. तेव्हा वाटून घेण्यासाठी भांडल्या त्या कंपन्याच.

तंत्राच्या बाजूने अडचण नाही याचे पुरावे आणखीही आहेत. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा आपत्कालीन क्रमांक समोर असेल त्या जाळ्यावरून लावायची सोय मोबाईलच्या जागतिक मानकातच आहे. परदेशातून आलेल्या पाहुण्याच्या सिमचे इथल्या एकाहून अधिक कंपन्यांशी करार असतील, तर ते एकाची रेंज गेल्यावर दुसऱ्याची धरतं. जालन्यातच घेतलेल्या सिमला ती मुभा नाही. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ गुजरातवर आलं, तेव्हा बाधित जिल्ह्यांत कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर बोलण्याची परवानगी सरकारने दिली. आणि जानेवारी २०२५ पासून, सरकारी डिजिटल भारत निधीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या टॉवरांवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांचे ग्राहक एकमेकांच्या ४जीवर जाऊ शकतात. म्हणजे तत्त्व मान्य झालेलं आहे. ते फक्त सरकारी पैशाच्या टॉवरपुरतं थांबलं आहे, आणि वर्दळीच्या राज्यमार्गांवर टॉवर असतात बहुधा खासगी.

पहिला आक्षेप गुंतवणुकीचा: दुसऱ्याच्या टॉवरवर फुकट चालणार असेल तर कोण टॉवर बांधेल? फुकट चालावं असं कुणी म्हणत नाही. पाहुण्या ग्राहकाने वापरलेल्या प्रत्येक एमबीचे पैसे त्याच्या कंपनीने यजमान कंपनीला द्यावेत, आणि ही सक्ती ठरावीक विरळ पट्ट्यांपुरतीच असावी. मग एकटा टॉवर बांधणाऱ्याला उलट जास्त उत्पन्न मिळतं. शिवाय लोखंडी मनोरा, डिझेल जनित्र, बॅटऱ्या हे सगळं या कंपन्या कित्येक वर्षं वाटूनच वापरतात. २००७ मध्ये इंडस टॉवर्स ही कंपनी त्यासाठीच तीन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून काढली.

दुसरा आक्षेप ब्रिटनचा दाखला देतो, आणि तो वजनदार आहे. तिथे ग्रामीण रोमिंगची सक्ती चर्चेत होती. कंपन्यांनी ती नको म्हणून मार्च २०२० मध्ये सरकारशी वेगळा करार केला. चार कंपन्या आणि सरकार मिळून सुमारे १०० कोटी पौंड खर्च करणार आणि ९५ टक्के भूभागावर किमान एका कंपनीचं ४जी नेणार, असं ठरलं. रोमिंग टळलं हे खरं. पण कंपन्या एकत्र बसल्या त्या रोमिंगच्या धाकाने, आणि तिथे मोजणी लोकसंख्येची न होता जमिनीची झाली. आपल्याकडे ही दुसरी गोष्ट आली तरी माझं निम्मं म्हणणं मार्गी लागेल. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवायला लावले आहेत. सगळे नकाशे एकावर एक ठेवले की कुठे कुणाचीच रेंज नाही आणि कुठे एकाचीच आहे, हे उघड होतं.

दोन सिम ठेवा, असं सहज सुचवलं जातं. ज्याला दोन रिचार्ज परवडतात त्याने जरूर ठेवावीत. पण शेतमजुराने दुहेरी खर्च कशासाठी सोसायचा? आणि गाडी चालवताना डेटाचं सिम बदलत बसणं धोक्याचं आहे. उपग्रहाचं म्हणाल, तर स्टारलिंकला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला, पण त्याच्या ब्रॉडबँडसाठी मोकळ्या आकाशाखाली थाळी लावावी लागते. एसटीत बसलेल्या माणसाच्या हातात ती नसते.

रेल्वेचं दुखणं निराळं आहे. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. अशा बंदिस्त वातानुकूलित डब्यांत धातूचा सांगाडा लहरी अडवतो, आणि भरधाव गाडीत दर थोड्या वेळाने टॉवर बदलावा लागतो. २०१६ पासून स्थानकांवर आलेलं मोफत वायफाय फलाट सुटला की मागे राहतं. इथे टॉवर वाटून भागणार नाही, डब्यातच यंत्रणा लागेल. तसंच रामनवमीचं. समर्थांचा जन्मही त्याच दिवसाचा, म्हणून जांबला गर्दी होते, आणि एका टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. वाटून घेतल्याने एका कंपनीच्या टॉवरवरचा ताण दुसरीच्या मोकळ्या टॉवरवर जाईल इतकंच. खरी भर घालायची तर त्या दिवसांपुरता चाकांवरचा टॉवरच आणून उभा करावा लागेल.

सुरुवात कुठून करावी, हेही सांगायला हवं. तालुक्याची ठिकाणं जोडणारे राज्यमार्ग आणि तीर्थक्षेत्रांचे रस्ते घ्यावेत. त्यांवर जिथे एकाच कंपनीची रेंज आहे ते तुकडे नकाशावरून वेगळे काढावेत आणि जानेवारी २०२५ ची सवलत त्या खासगी टॉवरांनाही लावावी. जालना ते जांब हा रस्ता त्या यादीत पहिल्या वर्षीच यावा.