मालवणी बोली : दैनंदिन व्यवहारातील स्थान

महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात व त्याच्या लगतच्या भागात बोलली जाणारी बोली. मालवण बंदरावरून तिला मालवणी व कुडाळ परिसरावरून कुडाळी म्हणतात. मुंबईत स्थायिक झालेल्या अनेक कोकणी कुटुंबांतही ती बोलली जाते. गावपरत्वे व समाजपरत्वे तिच्या उच्चारांत भेद आढळतात.

प्रमाण मराठीतील ‘मला’, ‘कुठे’, ‘आहे’ यांऐवजी मालवणीत ‘माका’, ‘खंय’, ‘आसा’ ही रूपे येतात. ‘घोडा’, ‘मोठा’ यांसारख्या आकारान्त पुल्लिंगी शब्दांची ‘घोडो’, ‘मोठो’ अशी ओकारान्त रूपे होतात. ही वैशिष्ट्ये तिला कोकणीच्या जवळ नेतात. ग्रीअर्सनने भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कुडाळीचा विचार कोकणीच्या अंतर्गत केला. मात्र कोकणीलाच तो मराठीची बोली मानीत होता. पुढे साहित्य अकादेमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये तिचा समावेश संविधानाच्या आठव्या अनुसूचीत झाला. त्यामुळे मालवणी मराठीची की कोकणीची, हा वाद अधिक तीव्र झाला. जिल्ह्यातील बहुसंख्य रहिवासी मात्र जनगणनेत मराठी हीच मातृभाषा नोंदवितात.

व्यवहारात या दोन भाषारूपांची कामे वाटली गेली आहेत. घर, शेत, मासळीबाजार, रापणीचा किनारा, देवळातील गाऱ्हाणे आणि गावगजाली ही मालवणीची क्षेत्रे होत. कोळंबीला ‘सुंगटा’ व सुरमईला ‘इसवण’ म्हणणारी मासेमारीची परिभाषाही तीत टिकून आहे. शाळा, न्यायालय, सातबाराचा उतारा व ग्रामपंचायतीचे इतिवृत्त यांत प्रमाण मराठी वापरली जाते. राज्याच्या १९६४ च्या राजभाषा अधिनियमानेही मराठीलाच राजभाषा ठरविले आहे.

मालवणीचे क्षेत्र वाढवावे काय, याविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे प्रमाण मराठी व इंग्रजी यांवर प्रभुत्व नसल्यास मुलांची शिक्षणात व नोकरीत पीछेहाट होते; म्हणून शाळेत बोलीला स्थान देऊ नये. दुसऱ्या मताप्रमाणे घरची बोली अशुद्ध ठरविल्याने मूल वर्गात गप्प बसते. प्राथमिक वर्गांत बोलीतून समजावून दिल्यास प्रमाण भाषा शिकणे सुकर होते. या दुसऱ्या मतात बोलीला प्रमाण भाषेची जागा देण्याचा आग्रह नाही, ही गोष्ट वादात अनेकदा दुर्लक्षिली जाते.

रंगभूमीने मालवणीला प्रतिष्ठा दिली. गंगाराम गवाणकरलिखित व मच्छिंद्र कांबळी यांनी गाजविलेले वस्त्रहरण (१९८०) हे नाटक मालवणी प्रदेशाबाहेरही लोकप्रिय झाले. परंतु या यशाबरोबर मालवणी ही केवळ विनोदाची भाषा, असा समजही दृढ झाला. दुःख, विचार किंवा शास्त्र सांगण्यास ती अपुरी आहे, या समजुतीला भाषाशास्त्रीय आधार नाही.

तुलनेसाठी आयर्लंडचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथील १९३७ च्या संविधानाने आयरिश भाषेला राष्ट्रभाषा व प्रथम राजभाषा केले आणि शाळांत ती शिकविली जाते. तरीही २०२२ च्या जनगणनेत ती येते असे सांगणारे सु. १८·७ लाख लोक असताना, शिक्षणव्यवस्थेबाहेर ती रोज बोलणारे सु. ७२ हजारच आढळले. आयरिशला कायद्याचे बळ आहे, परंतु घरे थोडी उरली आहेत. मालवणीची स्थिती याच्या उलट आहे : तिला कायद्याचे स्थान नाही, तिचे बळ घरांत आहे.

म्हणूनच आईवडील परस्परांशी मालवणीत बोलतात, पण मुलांशी प्रमाण मराठीत, ही काही कुटुंबांतील प्रवृत्ती राजमान्यतेच्या अभावापेक्षा अधिक चिंतेची ठरते. शाळेने व शासनाने बोलीला सन्मान दिल्यास ही प्रवृत्ती मंदावू शकेल. परंतु बोली पुढच्या पिढीकडे पोचविण्याचे काम घराबाहेरची कोणतीही संस्था पूर्णपणे करू शकत नाही.