स्विच एकमेकांशी काय बोलतात

बँकेत आपण रांगेत उभे असतो आणि खिडकीमागचा कारकून म्हणतो, "नेटवर्क गेले आहे." हे वाक्य आज तालुक्याच्या गावीही सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. गेले म्हणजे कोठे गेले, हे मात्र कोणी सांगत नाही. कित्येकदा ते गेलेले नसतेच. उलट तारांमध्ये इतकी गर्दी उसळलेली असते की कामाच्या संदेशाला वाट मिळत नाही. ही गर्दी का उसळते, आणि ती उसळू नये म्हणून नेटवर्कमधली यंत्रे दर दोन सेकंदांनी एकमेकांशी काय बोलतात, एवढाच आमचा आजचा विषय आहे. आम्ही इंजिनिअर नव्हे. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. वायरी ओढणारी कंत्राटी पोरे युनियनमध्ये आली, त्यांच्या मागण्या लिहिण्यासाठी त्यांचे काम समजून घेणे भाग पडले, आणि जे त्यांनाही सांगता येईना ते रात्री पुस्तके उघडून वाचले. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. कचेरीच्या कोपऱ्यात कपाटात एक चपटी पेटी असते, तिला ओळीने भोके असतात, प्रत्येक भोकात एकेक तार खोचलेली असते. त्या भोकांना पोर्ट म्हणतात. एका पोर्टाने आलेला संदेश कोणासाठी आहे ते पाहून दुसऱ्या योग्य पोर्टाने बाहेर सोडणे, हे स्विचचे काम. कोणता संगणक कोणत्या पोर्टापलीकडे आहे हे तो येणाऱ्या संदेशांवरच्या पत्त्यांवरून स्वतःच शिकतो. पण ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही असा पत्ता आला, किंवा "सर्वांसाठी" असा संदेश आला, तर तो काय करतो? ज्या पोर्टाने संदेश आला तेवढे सोडून बाकी सर्व पोर्टांतून त्याच्या प्रती काढून देतो. गावात दवंडी पिटावी तसा हा प्रकार.

आता दोन स्विचांमध्ये एकाऐवजी दोन तारा टाकल्या, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. विचार शहाणपणाचा आहे. परंतु पहिल्या स्विचने दवंडी दोन्ही तारांतून सोडली. दुसऱ्याला एका तारेतून मिळालेली प्रत त्याने दुसऱ्या तारेतून परत पाठविली, आणि दुसऱ्या तारेतून मिळालेली पहिलीतून. पहिल्याने पुन्हा तेच केले. इंटरनेटच्या टपालावर निदान आयुष्याचा आकडा लिहिलेला असतो, तो प्रत्येक टप्प्यावर एकाने कमी होतो आणि शून्य झाला की टपाल टाकून देतात. इथरनेटच्या चौकटीवर असा आकडाच नाही. तिला मरण नाही. एक दवंडी फिरत राहते, तिच्यात दुसरी मिसळते, आणि काही क्षणांत सगळ्या तारा त्याच त्या जुन्या दवंड्यांनी भरून जातात. जोडीची तार टाकली सोयीसाठी, आणि तिनेच घर बुडविले!

यावरचा तोडगा राडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीने काढला. त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत होत्या. १९८५ साली त्यांनी आपला लेख प्रसिद्ध केला आणि त्याच्या आरंभी सारांशाच्या जागी चक्क एक छोटी कविता घातली. १९९० मध्ये ही रीत आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेने प्रमाण म्हणून स्वीकारली. हिला स्पॅनिंग ट्री म्हणतात. कल्पना अशी की तारा कितीही असोत, त्यांतल्या काही मुद्दाम गप्प बसवाव्या, म्हणजे उरलेल्या तारांचे एक झाड बनते. झाडाची फांदी परत फिरून खोडाला मिळत नाही, म्हणून संदेश फेऱ्यात सापडत नाही. आणि झाड सर्वांपर्यंत पोचते, म्हणून कोणी तुटूनही राहत नाही.

यात गंमत अशी की हे झाड कोणी वरून आखून देत नाही. एकाही स्विचला सगळा नकाशा ठाऊक नसतो. प्रत्येकजण फक्त आपल्या शेजाऱ्याशी बोलतो, आणि त्या शेजारच्या बोलण्यातूनच सबंध गावाचा निर्णय होतो. या बोलण्याला बीपीडीयू असे अवघड नाव आहे. आपण त्याला निरोप म्हणू. नेहमीचा निरोप अवघा ३५ बाइटचा, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांत मोजले तर पस्तीस अक्षरांचा. त्यात मुख्य गोष्टी चार. मी मूळ, म्हणजे रूट, कोणाला मानतो. त्या मुळापर्यंत माझा रस्ता किती खर्चाचा आहे. मी स्वतः कोण. आणि हा निरोप माझ्या कोणत्या पोर्टातून निघाला. दोन निरोपांची तुलना याच क्रमाने होते, आणि प्रत्येक ठिकाणी लहान आकडा श्रेष्ठ.

वीज आली की प्रत्येक स्विच समजतो की मूळ मीच. तसा निरोप तो सर्व पोर्टांतून पाठवू लागतो. (आमच्या चळवळीतही अशी मंडळी आम्ही पाहिली आहेत, फरक एवढाच की स्विचला आपल्याहून सरस कोणी आहे असे कळले की तो त्याच क्षणी दावा सोडतो.) सरस कोण ते ओळखीच्या आकड्यावरून ठरते. या आकड्यात पुढे अग्रक्रम आणि मागे कारखान्यातून मिळालेला पत्ता असतो. अग्रक्रम कोणी बदलला नसेल तर सर्वांचा ३२७६८ असतो. मग निकाल पत्त्यावर येतो. जुन्या यंत्राचा पत्ता पुष्कळदा लहान असतो, म्हणून लक्ष दिले नाही तर कचेरीतले सर्वांत जुने, सर्वांत मंद खोके साऱ्यांचा मुख्य होऊन बसते. सेवाज्येष्ठतेच्या तत्त्वासाठी आम्ही आयुष्यभर भांडलो, पण येथे ते तत्त्व लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. चांगल्या, मध्यवर्ती स्विचला माणसाने हाताने कमी अग्रक्रम द्यावा; तो ४०९६ च्या पटीत देता येतो.

एक उदाहरण घेऊ. अ, ब, क असे तीन स्विच त्रिकोणात जोडले आहेत आणि सर्वांत लहान आकडा अ चा, त्यानंतर ब चा आहे. तारा गिगाबिटच्या, म्हणजे प्रत्येकीचा खर्च ४. अ चा निरोप निघतो : "मूळ मी, खर्च शून्य." ब तो वाचतो, आपल्या तारेचे ४ मिळवितो, आणि स्वतःचा नवा निरोप करून क कडे पाठवितो : "मूळ अ, खर्च ४, मी ब." निरोप जसाच्या तसा पुढे ढकलला जात नाही, प्रत्येकजण तो वाचून, आपली भर घालून, आपल्या नावाने लिहितो. तिकडून क सुद्धा तेच म्हणतो : "मूळ अ, खर्च ४, मी क." ब आणि क यांच्यामधल्या तारेवर दोघे बरोबरीत आले. मग ओळखीचा आकडा पाहावयाचा. ब लहान, म्हणून त्या तारेवर बोलण्याचा मान ब चा, आणि क आपले तेवढे पोर्ट मिटून घेतो. फेरा तुटला.

मिटलेले पोर्ट झोपलेले नसते, हे ध्यानात घ्यावे. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असत. ते पाळीच्या वेळी फाटकाशी हजर राहत. कायमचा माणूस आला नाही तरच त्यांना काम मिळे. तसे हे पोर्ट आहे. कामाचे संदेश ते घेत नाही आणि देत नाही, पण दर दोन सेकंदांनी येणारा ब चा निरोप ते कान देऊन ऐकते. अ आणि क यांच्यातली तार तुटली की क ला तात्काळ कळते, आणि हे पोर्ट कामाला लागते. पण एकदम नाही. पंधरा सेकंद ते नुसते ऐकते, पुढचे पंधरा सेकंद पत्ते शिकते, मग दार उघडते. घाईने उघडले आणि बातमी अजून सर्वांपर्यंत पोचली नसली, तर पुन्हा फेरा होईल, म्हणून हा विलंब. अ आणि ब यांच्यातली तार तुटली तर काम आणखी लांबते. ब ला मुळाचा रस्ता राहत नाही, म्हणून तो पुन्हा "मूळ मीच" म्हणू लागतो. क ते ऐकतो, पण त्याच्यापाशी अ बद्दलचा सरस निरोप जपलेला असतो, म्हणून मानत नाही. जपलेल्या निरोपाचे आयुष्य वीस सेकंद. ते संपल्यावरच क उत्तर देतो की अ जिवंत आहे, माझ्या वाटेने ये. वीस आणि तीस मिळून पन्नास सेकंद.

निरोपाचा दुसरा एक प्रकार आहे, तो अवघ्या ४ बाइटचा. रस्ता बदलला की खालचा स्विच तो वरच्याकडे पाठवितो, आणि "पोचला" अशी पावती मिळेपर्यंत पाठवीत राहतो. पायरी पायरीने तो मुळापर्यंत गेला की मूळ सर्वांना कळवितो : जुने पत्ते लवकर विसरा. एरवी पत्ते पाच मिनिटे लक्षात ठेवतात, अशा वेळी पंधरा सेकंदच.

त्या तीस सेकंदांची एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण त्यापायीच आम्ही या विषयात शिरलो. एका मोठ्या कचेरीत सकाळी संगणक लावले की अर्धा मिनिट नेटवर्क मिळत नसे. साहेबांनी तक्रार केली. ज्या पोर्टाला नुसता संगणक जोडला आहे तेवढ्यापुरती वाट पाहणे माफ करता येते. परंतु कंत्राटदाराच्या माणसाने स्पॅनिंग ट्रीच सगळीकडे बंद करून टाकली. साहेब खूश झाले. पुढे एके दिवशी झाडलोट करणाऱ्या बाईंना टेबलाखाली तारेचे एक टोक लोंबताना दिसले. दुसरे टोक भिंतीतल्या खाचेत होते. पायात येऊ नये म्हणून त्यांनी हेही टोक शेजारच्या खाचेत बसविले. फेरा पूर्ण झाला आणि दुपारपर्यंत कचेरी ठप्प. नोटीस कोणाला मिळाली? बाईंना, आणि तीही घातपाताची! चौकशीत आम्ही एकच प्रश्न लावून धरला : असे टोक कोणीतरी कधीतरी लावणारच, हे गृहीत धरून १९८५ साली उपाय निघाला असताना तो बंद कोणी केला? कागदोपत्री उत्तर मिळाले नाही. नोटीस मागे घेतली गेली.

मात्र उपाय चालू असला म्हणजे सर्व सुरक्षित, असेही नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस या इस्पितळाचे नेटवर्क असेच कोसळले. वर्षानुवर्षे स्विचाला स्विच जोडत जाऊन तेथील साखळी लांबली होती. या रीतीची ठरलेली वेळापत्रके सात टप्प्यांच्या हिशेबाने बांधलेली आहेत. तेथे टप्पे त्याहून जास्त झाले होते. एका संशोधकाच्या कामातून माहितीचा मोठा लोंढा सुटला आणि तो हिशेब कोलमडला. जवळजवळ चार दिवस डॉक्टर आणि परिचारिका कागदावर लिहून, चिठ्ठ्या हाताने पोचवून काम करीत होत्या. त्या इस्पितळाने ही गोष्ट लपविली नाही, इतरांना सांगितली, हे आम्हांस विशेष वाटते.

या रीतीचे दुखणे नेमके कोठे आहे? मिटलेले पोर्ट शांततेचा अर्थ "पलीकडचा गेला" असा लावते. गर्दीत निरोप चेंगरला, किंवा जोडीच्या काचतंतूंपैकी एकच तुटल्यामुळे येणारे बोलणे बंद आणि जाणारे चालू राहिले, तरी त्याला शांतताच दिसते. मग ते दार उघडते, आणि जो फेरा टाळावयाचा तोच तयार होतो. म्हणून पुष्कळ स्विचांत आता अशी तजवीज असते की निरोप अचानक थांबला तर पोर्टाने उघडू नये, मिटलेलेच राहावे.

२००१ साली जलद रीत आली. तिच्यात निरोपासाठी मुळाकडे पाहत बसत नाहीत. प्रत्येक स्विच दर दोन सेकंदांनी आपल्याच बळावर निरोप देतो, आणि लागोपाठ तीन चुकले, म्हणजे सहा सेकंद गेले, की पलीकडचा नाही असे धरतात. दार उघडण्यापूर्वी शेजाऱ्याला प्रस्ताव जातो, त्याने आपली इतर दारे आवरून संमती दिली की लगेच रस्ता सुरू होतो. तीस सेकंदांचे काम बहुधा एका सेकंदाच्या आत होते.

या निरोपावर सही मात्र आजही नसते. कोणीही बाहेरचा स्विच आणून टेबलाशेजारच्या खाचेत लावावा, त्याला लहान आकडा द्यावा, आणि "मूळ मी" म्हणावे. बाकीचे निमूटपणे मानतात. त्यासाठी टेबलाकडच्या पोर्टांवर पहारा लावता येतो : तेथून असा निरोप आलाच तर ते पोर्ट बंद व्हावे. आपल्या बँकेत, शाळेत, नगरपालिकेत नेटवर्क सांभाळणारे कोणी असतील, त्यांना आपण दोन गोष्टी अवश्य विचारा. येथे मूळ कोणता स्विच आहे, आणि तो कोणी ठरविला?