गृहध्वनियंत्रणेतील सुधारणा : ॲम्प्लिफायर आणि डिजिटल ध्वनिस्रोत यांच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

घरी उत्तम संगीत ऐकण्याची हौस असणाऱ्या श्रोत्यासमोर केव्हातरी एक प्रश्न उभा राहतोच : यंत्रणेतील कोणता घटक आधी बदलावा? १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये या प्रश्नाला वादाचे स्वरूप आले. ‘आधी ध्वनिस्रोत’ हा आग्रह लिन या स्कॉटिश कंपनीचे संस्थापक आयव्हर टीफेनब्रुन यांनी हिरिरीने मांडला. तबकडीच्या खाचेतून सुईला जे टिपता आले नाही, ते पुढचा कोणताही ॲम्प्लिफायर परत आणू शकत नाही, हा त्यामागील युक्तिवाद होता. रेकॉर्ड-प्लेअरपुरता तो रास्तच होता. कारण तिथे मोटरची थरथर, सुईची झीज आणि तबकडीचा वाकडेपणा थेट ध्वनीत उतरतो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या आगमनानंतर मात्र परिस्थिती पालटली. तरीही सुधारणेसाठी काढून ठेवलेल्या रकमेचा मोठा वाटा अनेक घरांत आजही त्याच जुन्या न्यायाने स्रोतावर खर्च होतो.

डिजिटल ध्वनिस्रोत

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतलेले असतात व प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदवलेला असतो. नमुन्यांच्या या संख्येमुळे २२,०५० हर्ट्झपर्यंतच्या कंप्रता नोंदवता येतात. निरोगी तरुण कानाची मर्यादा २०,००० हर्ट्झच्या आसपास असते आणि वयाबरोबर ती खाली येते. १६ बिटांमुळे सर्वांत मोठा ध्वनी व यंत्रणेचा स्वतःचा गोंगाट यांत सुमारे ९८ डेसिबलचे अंतर मिळते. शांत दिवाणखान्यातही पार्श्वभूमीचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या अंतराचे मोल कळते.

येथे फिलिप्सच्या पहिल्या सीडी-प्लेअरचे उदाहरण उद्‌बोधक आहे. सोनीच्या प्लेअरमध्ये १६ बिटांचा रूपांतरक होता, तर फिलिप्सजवळ १४ बिटांचाच. फिलिप्सच्या अभियंत्यांनी नमुन्यांचा वेग चौपट, म्हणजे १,७६,४०० केला आणि रूपांतरणातील त्रुटीचा बराचसा भाग श्रवणकक्षेबाहेरच्या कंप्रतांकडे ढकलला. परिणामी १४ बिटांच्या रूपांतरकातून जवळजवळ १६ बिटांची गुणवत्ता मिळाली. खोक्यावर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष कार्य यांत अंतर असते, हे डिजिटल ध्वनीच्या जन्माबरोबरच सिद्ध झाले होते!

पुढे २४ बिट व १९२ किलोहर्ट्झचे स्रोत आले. २००७ मध्ये मेयर व मोरान यांनी उच्च क्षमतेच्या मुद्रणाचा संकेत एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून श्रोत्यांना ऐकवला. ५५४ पैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवूनही जवळपास तेवढेच आले असते. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के निघाले. फरक आहे, पण तो अत्यल्प आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून केलेल्या प्रतींबाबत तर मूळ मुद्रणातच उच्च कंप्रता जेमतेम असतात. तिथे १९२ किलोहर्ट्झचे मोठे पात्र घेतल्याने पाणी वाढत नाही.

मग नवा स्रोत जोडताच आवाज ‘खुलला’ असे प्रामाणिक श्रोत्यालाही का वाटते? याचे एक उत्तर व्होल्टेजमध्ये आहे. सीडी-प्लेअरचे प्रचलित निर्गम व्होल्टेज २ व्होल्ट असते. नवा रूपांतरक २.५ व्होल्ट देत असेल, तर आवाजाची पातळी जवळजवळ २ डेसिबलने वाढते. एवढी वाढ ‘मोठा आवाज’ म्हणून नव्हे, तर ‘स्पष्ट आवाज’ म्हणून जाणवते.

ॲम्प्लिफायर व ध्वनिक्षेपक

ॲम्प्लिफायरचे गणित निराळे आहे. ५० वॉटऐवजी १०० वॉट घेतल्यास केवळ ३ डेसिबल मिळतात. आवाज दुप्पट जाणवण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. बेताच्या आवाजात ऐकताना सरासरी अर्धा वॉटही पुरतो. परंतु तबल्याची थाप किंवा वाद्यवृंदाचा कल्लोळ सरासरीपेक्षा २० डेसिबलने वर उसळला, की त्या क्षणापुरती शंभरपट, म्हणजे ५० वॉट शक्ती लागते. ती न मिळाल्यास तरंगाचे शिखर छाटले जाते व मुळात नसलेले कर्कश स्वर निर्माण होतात.

शिवाय ८ ओहमचा म्हणून विकला जाणारा ध्वनिक्षेपक काही कंप्रतांना ३–४ ओहमपर्यंत उतरतो आणि अधिक विद्युतप्रवाह मागतो. १९७८ मध्ये आलेला एनएडी ३०२० हा ॲम्प्लिफायर कागदोपत्री फक्त २० वॉटचा होता. तथापि कमी ओहमच्या भारालाही तो क्षणिक शिखरांच्या वेळी भरपूर प्रवाह पुरवी, आणि शिखर छाटण्याची वेळ आलीच तर ते सौम्यपणे छाटणारे मंडल त्यात होते. अल्प किमतीच्या या यंत्राने त्याहून महागड्यांना मागे टाकले, ते या गुणांमुळे. म्हणून ॲम्प्लिफायर निवडताना ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता व त्याचे किमान ओहम ही माहिती आधी हवी. ८६ डेसिबलऐवजी ८९ डेसिबल संवेदनशीलतेचा ध्वनिक्षेपक घेणे म्हणजे ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करण्यासारखेच होय.

वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या ॲम्प्लिफायरची गोष्ट वेगळी. त्यातील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात आणि आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते. असे यंत्र टाकून देण्याआधी जाणकार कारागिराकडून त्याची दुरुस्ती करून घेणे बहुधा स्वस्त पडते.

पडताळणी

खर्च करण्यापूर्वी तुलना घरीच करता येते. एकाच कंप्रतेचा स्थिर स्वर दोन्ही उपकरणांवर वाजवून ध्वनिक्षेपकाच्या अग्रांवरील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे व दोन्ही वाचनांतील फरक एक टक्क्याच्या आत आणावा. म्हणजे पातळीतील तफावत ०.१ डेसिबलहून कमी राहते. त्यानंतर घरातील कोणीतरी नाणेफेक करून, श्रोत्याला न दिसता, उपकरण निवडावे आणि श्रोत्याने उत्तर लिहून ठेवावे. असे १६ वेळा करून १२ किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर आली, तर ती केवळ योगायोगाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते.