‘कार्बन कमी करा’ म्हणजे नेमकं काय करा?

गृहसंकुलांच्या सूचनाफलकांवर, गणेश मंडळांच्या देखाव्यांत, महिला मंडळांच्या कार्यक्रमांत अलीकडे ‘कार्बन कमी करा’ हे आवाहन दिसू लागलं आहे. त्यामागची कळकळ खरी असते. पण सोबतच्या चित्रात बहुतेकदा काळा धूर ओकणारी चिमणी असते आणि पहिला गैरसमज तिथेच रुजतो: कार्बन उत्सर्जन म्हणजे धूर.

हवामान तापवणारा मुख्य वायू, कार्बन डायऑक्साइड, दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. ‘गाडीची पीयूसी केली आहे, आता काळजी नाही’ असं अनेकांना वाटतं. पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात, डिझेल गाडीच्या धुराची घनता पाहतात. कार्बन डायऑक्साइडची मर्यादा त्या प्रमाणपत्रात नसतेच. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, गाडी कितीही चांगल्या स्थितीत असली तरी. हा आकडा ऐकून लोक चक्रावतात, कारण लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलोच्या आसपास असतं. उरलेलं वजन हवेतून येतं. इंधनातल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला जळताना ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात आणि त्यांचं वजन कार्बनपेक्षा बरंच जास्त असतं. एवढा हिशेब सभेत पाच मिनिटांत फळ्यावर मांडता येतो आणि दहा घोषणांपेक्षा जास्त लक्षात राहतो.

दुसरा गैरसमज विजेचा. घरात धूर होत नाही, म्हणून वीज स्वच्छ वाटते. आपल्या देशातली बहुतांश वीज मात्र आजही कोळशापासून बनते, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणूनच ‘वीज वाचवा’ एवढंच सांगून भागत नाही. पंचाहत्तर वॉटच्या जुन्या पंख्याजागी तीस वॉटचा बीएलडीसी पंखा लावला आणि तो रोज दहा तास फिरला, तर वर्षाला सुमारे १६४ युनिट, म्हणजे ११५ किलोच्या आसपास उत्सर्जन वाचतं. ही भाषा घरातल्या प्रत्येकाला कळते, कारण ती वीजबिलाशी ताडून पाहता येते.

झाडं लावली की हिशेब मिटला, हाही समज घट्ट आहे. झाडं हवीतच, सावलीसाठी, पाण्यासाठी, पाखरांसाठी. पण रोपाला कार्बन साठवायला वर्षानुवर्षं लागतात, ते जगलंच पाहिजे, आणि तोडून जाळलं की साठवलेलं परत हवेत जातं. गाडीचं उत्सर्जन मात्र आजच झालेलं असतं. म्हणून वृक्षारोपणाच्या बळावर ‘कार्बनमुक्त सोसायटी’ असा फलक लावू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. पर्यावरणाचा दावा करायचा तर त्याला पुरावा हवा, असं ती सांगतात. ती विक्रेत्यांसाठी असली, तरी मंडळांनीही हीच शिस्त पाळावी.

उत्सर्जनाला ‘मर्यादा’ म्हटलं की कोणीतरी सक्ती करणार, टंचाई लादणार, अशी भीती असते. पण मर्यादा स्वतःहूनही घालून घेता येते. ब्रिटनमध्ये २००५-०६च्या सुमारास ‘कार्बन रेशनिंग ॲक्शन ग्रुप’ या नावाने छोटे गट उभे राहिले. सदस्य मीटरची नोंद, गाडीचा वापर आणि विमानप्रवास लिहून ठेवत. वर्षाची मर्यादा गट स्वतः ठरवी. ती ओलांडणारा ठरलेल्या दराने गटाच्या निधीत पैसे भरी. कायद्याची जबरदस्ती नव्हती. पण नावातल्या ‘रेशनिंग’मुळे १९४० ते १९५४ या काळातल्या अन्नटंचाईच्या कुपनांची आठवण होणं साहजिक होतं. सगळं काही सदस्यांनीच ठरवलेलं होतं, हे त्या नावात कुठेच दिसत नव्हतं.

यात सगळ्यात अन्यायकारक गैरसमज म्हणजे प्रत्येकाने सारखंच कमी करायचं. भारतीयाचं सरासरी वार्षिक उत्सर्जन दोन टनांच्या आसपास, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. पण या सरासरीत खूप मोठी दरी दडलेली आहे. स्वयंपाकाचा १४.२ किलोचा एक सिलिंडर पूर्ण संपला तर सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मुंबई ते लंडन विमानाने जाऊन-येऊन एका प्रवाशाच्या वाट्याला एक टनाच्या आसपास येतो. सुट्टीत परदेशी जाणाऱ्या घराला आणि त्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना एकच प्रतिज्ञा देणं योग्य नाही. जास्त जाळणाऱ्याने आधी आणि जास्त कमी करावं, असं मंडळाने स्पष्ट लिहावं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत घोषणेऐवजी तीन आकडे वाचून दाखवा: जिना, लिफ्ट आणि पंपाच्या सामाईक मीटरचे गेल्या वर्षीचे युनिट, जनरेटरला लागलेलं डिझेल, आणि या वर्षी त्यातलं किती कमी करायचं ठरलं ते.